अहो, ते बांधाचं भांडण आहे!

आज आमच्याकडे दिवाळीचा फराळ होता. बफेलोत ऑक्टोबर संपताना ऊन पडणं म्हणजे लॉटरीच, त्यामुळे सगळे जाकिटं चढवून चहाचे कप घेऊन मागच्या डेकवर जमले. शेजाऱ्यांच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आत मोठा टीव्ही, बाहेर ग्रिलचा धूर, घडीच्या खुर्च्यांवर निळ्या जर्सीतले चार म्हातारे. इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमची, बिल्सची मॅच चालू.

आमच्यातल्या एका दादांनी चिवड्याचा बोकाणा भरत तिकडे मान केली आणि म्हणाले, "हा कसला हो खेळ? दोन फूट सरकायचं, एकमेकांवर ढीग रचायचा, उठायचं आणि परत गोल करून कुजबुजायचं. आणि म्हणे फुटबॉल! पाय लागतो कधी चेंडूला?"

सगळे हसले. यजमानीणबाई म्हणून मीही हसले. पण आतून जे काही चिडले ना! भांडी घासून झाली, माणसं गेली, तरी राग जात नाही म्हणून इथे लिहितेय.

रागाचं खरं कारण सांगू? ते वाक्य माझं आहे. अकरा वर्षं शब्दन् शब्द मीच म्हणत आलेय.

घड्याळात खेळ 60 मिनिटांचा, बसायचं तीन तासांच्या वर, आणि त्यात चेंडू खरोखर हलतो तो जेमतेम 11 मिनिटं. बाकी वेळ ट्रकच्या जाहिराती, बिअरच्या जाहिराती आणि ज्या औषधाने काय काय बिघडू शकतं ते घाईघाईने वाचून दाखवतात तसल्या औषधांच्या जाहिराती. शिरस्त्राणात माणसाचा चेहरा दिसत नाही, तर जीव लावायचा कुणाला? नवरा इथे आल्यावर दोन वर्षांत बाटला. पोरगा तर जन्मापासूनच त्यांच्यातला. रविवारी मी शेंगदाणे भाजून द्यायचे आणि वर जाऊन झोपायचे.

आणि बोलणारे आपण कोण? पाच दिवस खेळून, मध्ये जेवून, चहा पिऊन, शेवटी अनिर्णित राहिलेल्या कसोटीवर रात्रभर वाद घालणारी माणसं! तिथे निदान चेंडू कुठे आहे ते दिसतं, हे मान्य. तेवढंच.

तर 26 जानेवारी 2025. बिल्सची कॅन्सस सिटीशी मॅच, त्यांच्याच गावात. जिंकले तर सुपर बोल, म्हणजे फायनल. आधीच्या पाच वर्षांत याच कॅन्सस सिटीने तीनदा बाद फेरीत आम्हाला घरी पाठवलेलं. (आम्हाला! बघा, लिहितानाच निघून गेलं.) शेजाऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. बाहेर बर्फ, त्यामुळे वर जाऊन झोपायची सोय नाही, परक्याच्या घरात कुठे झोपणार? बसले.

शेजारी म्हणजे सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, जन्म लोखंडकामात गेलेला, पंजे हे एवढे. बोलणं कमी. चौथा क्वार्टर नुकताच सुरू झाला होता, बिल्स 22-21 ने पुढे. चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, हवं जेमतेम यार्डभर. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन चेंडू पोटाशी धरून स्वतःच घुसला. ढीग झाला. शिट्टी. चेंडू कुठवर पोचला ते पाय रोवून दाखवायला दोन बाजूंनी दोन पंच धावत आले. शेजाऱ्यांच्या मते एकाचा पाय पुढे पडला होता आणि दुसऱ्याचा मागे. धरला गेला मागचा. व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिला, निकाल तोच. वीतभर कमी.

खोलीत कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं शिव्या, आदळआपट होईल. शेजारी फक्त उठून उभे राहिले, डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून गोल गोल फिरवायला लागले. कडेकडेने. हळू. नजर टीव्हीवर.

आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण ते हात मी पाहिले होते.

1987 चा उन्हाळा. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव, मी नऊ वर्षांची. माझ्या आजोबांचा, आबांचा, आणि त्यांच्या चुलतभावाचा, म्हणजे आमच्या नानांचा, बांधावरून वाद. नाना दर नांगरटीला बांध कोरतात असं आबांचं म्हणणं, आबा कोरतात असं नानांचं. शेवटी मोजणी आणली. मोजणीदार साहेब, साखळी धरायला दोन माणसं, एका घमेल्यात फक्की, आणि बघायला सगळी भावकी. उन्हात साखळी ताणायची, खुंटी मारायची, पुन्हा ताणायची. आबा बांधावर अनवाणी उभे, हातात पांढरी टोपी, ती अशीच गोल गोल फिरत होती. साहेबांनी फक्की टाकली. रेघ आमच्या बाजूला सरकली, वीतभर. आबा काही बोलले नाहीत. एक ढेकूळ उचललं, मुठीत चुरलं, हात झटकला.

त्या रात्री बफेलोत मला हा खेळ कळला. मुलाने सोफ्यावर बसवून, कागदावर फुल्या-गोळे काढून समजावलेला कळला नव्हता. तो बिचारा मला सोपं जावं म्हणून कबड्डीची उदाहरणं द्यायचा, आणि तिथेच मी फसत होते. कबड्डीत चढाईला जायचं, शिवायचं आणि घरी परत यायचं. माती ज्याची त्याचीच राहते. इथे जिथे पडलास तिथवर जमीन तुझी. पुढचा डाव तिथूनच. चार प्रयत्नांत 10 यार्ड सरकलास तर ताबा तुझ्याकडे, आणखी चार प्रयत्न घे. नाही सरकलास तर ताबा समोरच्याकडे आणि आता तो तुझ्या अंगावर येणार. चार तारखांत निकाल! आपल्याकडच्या कोर्टांनी घ्यावा काही धडा.

अहो दादा, दोन फूटच सरकतात म्हणून हसता? आपल्याकडे दोन फुटांसाठी तीन पिढ्या बोलत नाहीत.

आता यातली गंमत सांगते, जी मला सगळ्यात जास्त छळते. आमच्या मोजणीची सुरुवात झाली एका दगडापासून. बांधाच्या टोकाला, बाभळीखाली. तो दगड हद्दीचाच कशावरून? तर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला धरून आणलं, त्याला धड दिसतही नव्हतं, त्याने काठी टेकवली आणि म्हणाला, "ह्योच." झालं. तिथून पुढे मात्र साखळीची कडी न् कडी मोजली, खुंटी इकडची तिकडे होऊ दिली नाही.

इथेही तेच! बावीस धटिंगणांचा कालवा, चेंडू त्याच्या तळाशी कुणाच्या तरी पोटाखाली. बाजूने पंच पळत येतो, नजरेने अंदाज घेतो आणि पाय रोवतो. ह्योच. मग कडेहून माणसं खांब आणि साखळी घेऊन येणार, साखळी ताणणार, सत्तर हजार लोक श्वास धरणार, आणि चेंडूचं नाक खांबाला टेकलं की नाही ते बोटाच्या पेरावर ठरणार. ती साखळी 10 यार्डांची, म्हणजे 30 फूट. आबांच्या शेतात पडलेली 33 फुटांची, कारण 33 गुणिले 33 म्हणजे गुंठा. तीन फुटांचा फरक, बाकी सगळं भावकीचंच.

2025 च्या हंगामापासून तेही बदललं. आता मोजणी कॅमेऱ्यांवर. पडद्यावर चित्र येतं, रेघ येते, अर्ध्या मिनिटात निकाल. साखळीवाले अजून कडेला उभे असतात, लागले तर असावेत म्हणून. लग्नात जुन्या आचाऱ्याला खुर्ची देऊन बसवतात तसे. आणि योगायोग बघा, याच आठवड्यात गावाकडून चुलतभावाचा फोन. आपल्याकडेही आता रोव्हरने मोजतात, साखळी नाही न् काही नाही, काठीसारखं यंत्र उभं करायचं, वरून उपग्रह सांगतो. मी विचारलं, "सुरुवात कुठून केली?" म्हणाला, "त्या बाभळीखालच्या दगडापासनंच की."

हसावं की रडावं! कारण इथेही चेंडू कुठे ठेवायचा ते अजून पंचाची नजरच ठरवते. कॅमेरा मोजतो तो त्यानंतरचा हिशेब. म्हणजे दगड म्हाताऱ्यानेच दाखवायचा, मोजायचं मात्र उपग्रहाने.

बरं, आता कुणी "ताई, तू पण बाटलीस" असं लिहायच्या आधी सांगते. बाटलेले नाही. मुलाने मागच्या वर्षी शाळेच्या फुटबॉल टीमचा संमतीपत्राचा कागद आणला होता. मी सही केली नाही. करणारही नाही. पिट्सबर्गच्या टीमचा माइक वेब्स्टर, काय तगडा गडी, 2002 मध्ये पन्नाशीत गेला तोवर मेंदूचा भुगा झाला होता. पुढे 2017 मध्ये व्यावसायिक खेळाडूंचे 111 मेंदू तपासले, त्यातल्या 110 मध्ये तोच, डोक्याला सतत मार बसून होणारा मेंदूचा रोग (सीटीई) निघाला. ज्यांना शंका होती अशाच घरच्यांनी मेंदू दिले होते, त्यामुळे आकडा फुगलेला असेल, असं नवरा म्हणतो. असेल. मग काय करू, सही करू? ज्यांची पोरं त्या ढिगात नाहीत त्यांनी गॅरेजमध्ये बसून बर्गर खावेत आणि टाळ्या वाजवाव्यात, हे मला आजही सहन होत नाही. आणि त्यात मीही बसते, हे तर त्याहून नाही.

बिल्सच्या ऑर्चर्ड पार्कमधल्या नव्या स्टेडियमात न्यूयॉर्क राज्याचे 60 कोटी डॉलर आणि आमच्या काउंटीचे 25 कोटी. मालक अब्जाधीश. यावरही मला बोलता येईल, पण मग रात्र जाईल.

आणि तरीही. बांधावरून आपल्याकडे डोकी फुटत नाहीत का? कुऱ्हाडी निघतात. म्हणून बांधाचं दुःख खोटं ठरत नाही.

त्या रात्री मॅच गेली. 32-29. लोक आपापली जाड जाकिटं चढवून निघून गेले, मी भांडी आवरायला थांबले. शेजारी खुर्चीत तसेच. काय बोलावं सुचेना, तर मी माझ्या इंग्रजीत त्यांना आबांची गोष्ट सांगितली. साखळी, फक्की, म्हातारा, दगड, सगळं. त्यांनी नीट ऐकली. मग त्यांनी मला त्यांची सांगितली. 27 जानेवारी 1991. सुपर बोल, शेवटचे काही सेकंद, 47 यार्डांवरून स्कॉट नॉरवुडची किक. गोलच्या दोन खांबांमधून गेली असती तर जिंकले असते. उजवीकडून बाहेर. 20-19. दुसऱ्या दिवशी टीम परत आली तेव्हा नायगारा चौकात हजारो माणसं थंडीत उभी होती, शेजारीही त्यांच्यात. आणि ती गर्दी नॉरवुडच्या नावाने ओरडत होती. चिडून नव्हे, त्याला पुढे बोलवायला. तो माइकपाशी आला, त्याला बोलता येईना. "आम्ही सगळेच रडलो," असं म्हणून शेजाऱ्यांनी नाक पुसलं. पुढची तीन वर्षंही ओळीने सुपर बोल गाठला आणि ओळीने हरले. ती तीन वर्षं त्यांनी एका वाक्यात उरकली.

आपण हो काय करतो हरून आलेल्यांचं? घरांवर दगड, पुतळे जाळणं. जाऊ दे.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुझ्या आजोबांनी परत मोजायला लावलं नाही का?

आता आली पंचाईत. मला त्यांना निमताना मोजणी समजावून सांगावी लागली. पहिली मोजणी मान्य नसेल तर वरच्या साहेबाकडे अर्ज करायचा, तो येऊन पुन्हा मोजतो, तिला निमताना म्हणतात. पंचांचा निकाल पुन्हा तपासा म्हणून कोच लाल फडकं टाकतो ना, तसंच. ते खूश झाले. शब्द दोनदा घोळवला तोंडात. मग, केला का अर्ज?

नाही केला. त्या वैशाखात नानांच्या मुलीचं लग्न होतं आणि मांडवाच्या मेढी आमच्याच शेतातून गेल्या होत्या. आबांनी स्वतः बैलगाडीत घालून नेल्या, त्या नव्या रेघेवरून. गाडीत मी होते.

शेजारी बराच वेळ गप्प बसले आणि टोपी डोक्यावर घातली.

तर आज. डेकवर दादांचं हसणं चालूच होतं, आता ते शिरस्त्राणांवर आले होते. मी चकलीचा डबा हातात धरून आत जावं की बोलावं अशा विचारात. तेवढ्यात गॅरेजमधून आधी चौघांचा एकदम "ओऽऽ" आला. पंचाने चेंडू मागे ठेवला असणार. मग क्षणभर शांतता. आणि मग त्या लोखंडी गळ्यातून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी:

"निमटाना! निमटाना!"

दादांच्या हातातला चिवडा हातातच राहिला. "काय म्हणाले हो ते?"

मी म्हटलं, चला तिकडे, सांगते. आणि तो चकलीचा डबा घ्या बरोबर.