मोडी, मोड आणि बंब

लोकांना पन्नाशीत साखर होते, माझ्या नवऱ्याला इतिहास झाला. सुरुवातीची लक्षणं साधीच होती. शनिवारी संध्याकाळी तो मोडी लिपीच्या वर्गाला जायला लागला. मी म्हटलं, जाऊ दे, दोन तास टीव्हीचा रिमोट मोकळा. पण रोग आत भिनत होता. एका रविवारी तो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेला आणि येताना दोनशे रुपयांचा एक कागद घेऊन आला. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, आणि अक्षर म्हणजे शाईत पडलेल्या झुरळाने बाहेर येऊन घातलेली प्रदक्षिणा.

मोडीत हात न उचलता लिहितात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची तर फिकीरच नाही. म्हणजे वाचणाऱ्याला मोकळं रान. याला त्यात ‘तोफा’ सापडल्या. ‘तोफा दोन, सत्वर पाठविणे.’ पंधरा दिवस आमच्या सोसायटीत या दोन तोफांचा गडगडाट चालू होता, वॉचमनसुद्धा त्यांची चौकशी करायचा. मग वर्गातल्या सरांनी कागद भिंगाखाली धरला आणि ते तूप निघालं. दोन शेर. तेही उधारीवर.

शहाणा माणूस इथे थांबला असता. याने भिंग विकत घेतलं.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी याला ऑफिस असतं, एवढीच देवाची कृपा. रविवारी मात्र भिंग, मोजपट्टी आणि लोहचुंबक घेऊन स्वारी निघते. चुंबक कशाला, तर पितळेचं पाणी दिलेलं लोखंड ओळखायला. खरं पितळ किंवा तांबं चुंबकाला चिकटत नाही. आतापर्यंत त्या चुंबकाने घरी काय काय आणू दिलंय बघा: तोटी नसलेली झारी, काटा नसलेलं घड्याळ, एकच पान कापू शकणारा अडकित्ता आणि जोडीदार नसलेला समईचा खालचा भाग. मी काही बोलले की राजा केळकर संग्रहालयाचं उदाहरण तयार असतं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास असंच एकेक जमवायला सुरुवात केली, दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, आणि बघ, हजारो वस्तूंचं संग्रहालय झालं! मला त्या गोष्टीतला शेवट जास्त आवडतो. त्यांनी तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला.

माझ्या सासूबाईंचा पक्ष वेगळा आहे. त्यांनी १९७८ साली घरातला तांब्याचा बंब, दोन घागरी, घंगाळ आणि परात असं सगळं मोडीत घातलं आणि त्या बदल्यात स्टीलचा पिंप आणि डब्यांची चळत घेतली. त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती म्हणतात. “अगं, चिंच लावून लावून बोटांना चिरा पडायच्या. कल्हईवाला वेळेवर आला नाही तर ताक कळकायचं. स्टील आलं आणि माणसात आले बघ मी.” हे त्या मुलासमोर बोलतात तेव्हा त्याचा चेहरा असा होतो, जणू रायगड यांनीच मोडीत घातला.

तर गेल्या महिन्यात वाईची टूम निघाली. पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आईंना ढोल्या गणपतीचं दर्शन, मला कृष्णेचा घाट आणि याला ‘सहज बाजारात एक चक्कर’. या ‘सहज’ शब्दाने आमच्या घराची फार नासाडी केली आहे.

खंबाटकी चढून, सुरूर फाट्याला वळून आधी मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा, खाली नदीवर तो देखणा घाट. घाटावरच्या छोट्याशा देवळात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून इकडे आल्या. एक भीमाशंकरला आहे, एक ही. नवऱ्याने हे सगळं इतक्या रंगात येऊन सांगितलं की शेजारची सहल आमच्याभोवती गोळा झाली आणि एका बाईंनी तिकीट किती म्हणून विचारलं. खरं सांगायचं तर मलाही त्या घंटेसमोर बरं वाटलं. कृष्णाकाठी, शंकराच्या शेजारी, इतकी वर्षं येशूची आई निवांत नांदते आहे. आई बराच वेळ घंटेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “केवढं वजन असेल! ही बरी कुणी मोडीत घातली नाही.”

वाईच्या बाजारात त्या दुकानाबाहेर तो उभा होता. तांब्याचा बंब. काळाकुट्ट, पोटाला दोन पोचे, तोटीला गंज चढलेला पत्र्याचा तुकडा, आत कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी विझवलेली राख. नवऱ्याची चाल मंदावली. तो मुद्दाम बंबाकडे न बघता शेजारच्या प्लॅस्टिकच्या बादल्या बघायला लागला. त्याच्या मते ही घासाघिशीची युक्ती आहे. दुकानदार मुरलेला होता. “बादली दाखवू का बंब, काका?”

पुढचा पाऊण तास मी घाटाच्या पायऱ्यांवर काढू शकले असते, पण पैशाचं पाकीट माझ्याकडे होतं. चुंबक लावून झाला. भिंगातून मठारकाम बघून झालं. हे मठारकाम म्हणजे तांबटाने हातोडीने ठोकून उठवलेले ते ओळीने बारीक ठसे, त्यांनी पत्रा टणक होतो. आईंनी बंबावर टकटक करून निकाल दिला, “बुड झिजलंय.” दुकानदार म्हणाला, “आज्जी, शंभर वर्सं चाललाय, झिजणारच की!”

शंभर हा आकडा ऐकताच नवरा मला बाजूला घेऊन कुजबुजला, “१९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू धरतात. देशाबाहेर नेता येत नाही.”

“तिसऱ्या मजल्यावर नेता येईल का ते बघ,” मी म्हटलं. “लिफ्ट बंद आहे.”

वजन भरलं नऊ किलो. तांब्याचा भाव, वर घडणावळ, वर शंभर वर्षांचे पैसे. बारा हजारांपासून सुरू होऊन साडेदहावर तुटलं. आई दुकानाच्या पायरीवर बसून बोटांवर हिशोब करत होत्या. “मी दिला तो याच्यापेक्षा मोठा होता,” त्या शेवटी म्हणाल्या. “पिंपाच्या झाकणाचे वर आठ रुपये मागत होता मेला. मी सहाच दिले.” विकताना वजनावर आणि विकत घेताना वयावर, हा व्यवहार त्यांना काही केल्या पटेना. मला पटला, कारण माझंही गणित तेच आहे, फक्त कुणी घेत नाही.

आता मुख्य प्रश्न, बसायचं कुणी कुठे. डिकीत बंब मावेना. मागच्या सीटवर आईंचे गुडघे आणि बंब दोघांचं जमेना. शेवटी पुरावस्तू पुढे आणि आम्ही दोघी मागे अशी वाटणी झाली. गाडी सुरू केली तर टूं टूं टूं. नऊ किलो वजन पुढच्या सीटवर बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, अशी गाडीची तक्रार. नवऱ्याने उतरून बंबाला सीटबेल्ट लावला. बोगद्याच्या अलीकडे रविवार संध्याकाळची रांग लागली होती. शेजारच्या गाडीतलं पोर काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होतं. एका खड्ड्यात बंबाने पोटातली सगळी राख गिअरवर ओतली. आईंनी पर्समधून रुमाल काढला आणि बंबालाच पुसून घेतलं, गाडीला नाही.

घरी आल्यावर इतिहासाचा खरा भाग सुरू होतो. तो म्हणजे घासणे. इतिहास आणतो तो, वाचतो तो, सांगतो तो, घासते कोण हे विचारायचं नाही. तीन संध्याकाळी मी चिंच, मीठ आणि पितांबरी घेऊन बंबाशी झुंजले. तिसऱ्या दिवशी काळ्या थराखालून अक्षरं वर आली. सुरुवातीचं नाव झिजून गेलेलं, पुढचं स्वच्छ: ‘...हिस आत्येकडून सप्रेम भेट’. नवरा भिंग घेऊन धावत आला. देवनागरी होतं, त्यामुळे तुपाची भीती नव्हती.

झालं, बंबाचं नाव आत्या पडलं. आत्याला दिवाणखान्यात खिडकीशी जागा मिळाली. वर मनीप्लांट, मागे पिवळा दिवा. पाहुणे आले की म्हणायचे, “अय्या, कुणाची ही आत्या?” पहिल्यांदा आई गप्प बसल्या. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, “आमच्याकडचीच.” तिसऱ्या पाहुण्यांपर्यंत आत्या बार्शीला दिलेली होती, तिचा नवरा तापट होता आणि भाचीच्या लग्नात तिने बंब बैलगाडीतून पाठवला होता. नवऱ्याने पुरावा मागितला. “तुझ्या तोफांना होता का?” आईंनी विचारलं.

परवा रविवारी पहाटे मला धुराच्या वासाने जाग आली. बघते तर बाल्कनीत मनीप्लांट कठड्यावर ठेवलेला आणि आत्याच्या पोटात नारळाच्या करवंट्या धडधडतायत. शेजारी आई पाटावर पदर खोचून बसलेल्या, तोंडावर उजेड. समोरच्या इमारतीतले दोन दिवे लागले होते. नवरा चादर गुंडाळून धावत आला आणि ओरडला, “आई, अगं ती पुरावस्तू आहे!”

“पाणी कढत झालंय,” आई तोटीखाली बादली सरकवत म्हणाल्या. “पहिली अंघोळ कोण करतंय?”

मी टॉवेल घेऊन आधीच उभी होते.