कझिन कोण लागतो?

उर्दू बोलणाऱ्याला इंग्रजी समजावताना माझा सर्वांत जास्त घाम काढणारा शब्द म्हणजे ‘कझिन’. स्पेलिंग सहा अक्षरांचं, पण अर्थ सांगायला बसलं की आख्खं लग्नघर गोळा होतं.

चचाज़ाद, फूफीज़ाद, मामूज़ाद, ख़ालाज़ाद. ‘ज़ाद’ फारसी, म्हणजे जन्मलेला. पुढे भाई किंवा बहन. झाले आठ. त्यात पंजाब-दिल्लीकडे वडिलांच्या थोरल्या भावाला ‘ताया’ म्हणतात, त्याची मुलं तायाज़ाद. दहा. आपल्याला हे दुःख कळेल, कारण चुलत, आते, मामे, मावस हा संसार आपलाही आहे. ‘कोण लागतो?’ हा आपला साधा प्रश्न. इंग्रजी माणूस खांदे उडवून ‘कझिन’ म्हणतो आणि मोकळा होतो.

उर्दूतून इंग्रजीत जाणं सोपं. दहाही शब्द दाराबाहेर ठेवायचे. पण ते कुणाच्याने होत नाही, म्हणून ‘कझिन ब्रदर’ जन्माला येतो (मराठी माणसानेही इथे हसू नये). लंडनमध्ये नुसतं ‘कझिन’ पुरतं. पुढच्या वाक्यातला ‘ही’ किंवा ‘शी’ बाकीचं सांगतो. बाजू सांगायचीच असेल तर ‘आईकडचा कझिन’ एवढी सवलत आहे.

खरी कसरत उलट्या दिशेला. ‘माझा कझिन आला’ की ‘माझी कझिन आली’, हे इंग्रजी वाक्य सांगतच नाही आणि उर्दू क्रियापद ऐकून घेत नाही: ‘आया’ की ‘आई’? पुढे चार ओळी वाचून तो की ती ते शोधायचं. काका की मावशी, हे मात्र शोधूनही सापडत नाही. तेव्हा उर्दूने हात टेकले आणि ‘कज़न’ घरातच घेतला. काफ़, ज़े, नून, तीन अक्षरं. ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नसल्यामुळे नवशिका त्याला किज़न, कुज़न काहीही वाचतो. ‘कज़नों ने’ असं त्याचं सामान्यरूपही होतं, म्हणजे पाहुणा पुरता मुरला.

गंमत अशी, की या शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘कोन्सोब्रीनुस’ आधी मावसभावंडांपुरताच होता. म्हणजे चक्क ख़ालाज़ाद! इंग्रजीपर्यंत येता येता मावशी वाटेत कुठेतरी उतरली.

‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’ ऐकून उर्दू माणसाला वाटतं, बिचाऱ्याला नोकरीवरून काढलं. हिशेब असा: आजी-आजोबा सामाईक तर फर्स्ट, पणजी-पणजोबा सामाईक तर सेकंड, आणि दोघांत एका पिढीचं अंतर असेल तर ‘वन्स रिमूव्ह्ड’. वडिलांचा चुलतभाऊ त्यात बसतो. उर्दूत तो चचा, मराठीत काका, आणि चहा टाकला जातो.

हे जरा पचतंय तोवर ‘ब्रदर-इन-लॉ’ दारात उभा. साला, बहनोई, देवर, जेठ, नंदोई सगळे त्या एकात कोंबायचे. साडूसुद्धा. साडूला उर्दूत ‘हमज़ुल्फ़’ म्हणतात, शब्दशः ‘एकाच बटेचा’. उर्दूने ज्याला इतक्या नजाकतीने बायकोच्या बटेत अडकवलं, त्याला इंग्रजीने सरळ कायद्यात अडकवलं.