‘सगळं आयतं’ म्हणे!

‘अमेरिकेत मुलांकडे सगळं आयतं, मग आई-बाबांना नैराश्य कसलं? गुडघे गेले की माणूस उदास होणारच. नामस्मरण करा, गोळ्यांच्या नादी लागू नका.’ हा मजकूर मला या महिन्यात चार ग्रुपांवर आला. पाठवणारी माणसं भली आहेत, म्हणूनच उत्तर देते.

आधी ‘आयतं’. वृद्धांचं स्वावलंबन मोजायला डॉक्टर १९६९ पासून एक यादी वापरतात. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार अशी ८ कामं. पुण्यात सत्तरीची बाई रिक्षाने मंडईत जाते, भाव करते, बँकेत पासबुक भरून आणते. तीच न्यू जर्सीत उतरली की गाडी चालवता येत नाही, बस जवळ नाही, कार्ड मुलाच्या नावावर, फोनवरचं इंग्रजी डोक्यावरून जातं. गुडघे ठणठणीत, आणि आठातली निम्मी कामं एका विमानप्रवासात गेली! वर सून मायेनं म्हणते, ‘आई, तुम्ही बसा.’ मग स्वयंपाकही गेला.

‘गुडघे गेले की उदास’ हे अर्धंच खरं. उदास माणूस चालणं टाळतो, जेवत नाही, स्नायू झिजतात, तोल जाऊन पडतो. म्हणजे उदासीनेही पाय जातात. शिवाय आपली माणसं मनाचं बोलतच नाहीत. ‘अंग दुखतं, झोप नाही, जेवण जात नाही.’ एक्स-रे निघतात. डॉक्टरांपुढे दुभाषा कोण? मुलगा! ‘तुझ्या घरी जगावंसं वाटत नाही’ हे आईने त्याच्याच तोंडून सांगायचं? सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना मोफत दुभाषा द्यावा लागतो. मागून घ्या.

नामस्मरणाला माझी ना नाही. आई रोज हरिपाठ म्हणते, गोळीही घेते. नैराश्यावरच्या या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र मनाने एकदम बंद करू नयेत, आणि काहींनी म्हातारपणी रक्तातलं सोडियम उतरतं, ते तपासावं लागतं.

खर्चाचं त्या मजकुरात अक्षर नाही. इथे नोकरी न केलेल्या ग्रीन कार्डवाल्या पालकांना पासष्टीनंतरही सलग ५ वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, घेता येत नाही, तेही हप्ता भरून. दुखणं लपवतात ते यामुळेही. कुणी जीव नको म्हणालं तर ९८८ हा अमेरिकेतला मदतीचा फोन लावा. तिथेही दुभाषा मिळतो.

आईला हल्ली मी देशी किराण्याच्या दारात सोडते. भेंडी ती निवडते, पैसे तिच्या बटव्यातून जातात. मी गाडीतच थांबते.