‘लोकल टेस्टिंग म्हणजे खोटं समाधान’: कराडच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

लोकल टेस्टिंगबद्दलच्या (म्हणजे कोड आपल्याच लॅपटॉपवर तपासण्याबद्दलच्या) तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं मला पटेना, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अनेक ग्राहकांचा, म्हणजे टेनंटचा, डेटा एकाच लॅम्ब्डा फंक्शनमधून (ॲमेझॉनच्या क्लाउडवर कॉल आला की चालणाऱ्या कोडमधून) जात असेल, तर ते फंक्शन लॅपटॉपवर तपासून काहीच सिद्ध होत नाही. परवानग्या तिथे लागूच होत नाहीत, त्यापेक्षा वेगळं टेस्ट अकाउंट घ्या आणि थेट तिथेच कोड चढवून, म्हणजे डिप्लॉय करून बघा. शिवाय लॅम्ब्डात आता टेनंट आयसोलेशन, म्हणजे प्रत्येक टेनंटचा कोड वेगळ्या जागेत चालवायची सोय, आलंय, मग हा खटाटोप कशाला?

परवानग्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. उलट तुम्ही लिहिलंय त्याहून परिस्थिती वाईट आहे. सॅम लोकल या टूलने लॅपटॉपवर फंक्शन चालवलं की ते फंक्शनच्या रोलऐवजी (त्याला क्लाउडवर दिलेल्या परवानग्यांऐवजी) आपल्या मशीनवरच्या क्रेडेन्शियल्सनी, म्हणजे लॉगिनच्या किल्ल्यांनी, चालतं, आणि ती पुष्कळदा ॲडमिनची असतात. डायनॅमोडीबी लोकल (ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी डेटाबेसची लॅपटॉपवरची आवृत्ती) क्रेडेन्शियल्स मागतं, पण परवानग्या तपासत नाही. ‘लीडिंग कीज’ची अट घालून एका टेनंटला त्याच्याच पार्टिशन की (टेबलातला डेटा ज्यावरून वाटला जातो त्या किल्ल्या) दिसाव्यात अशी पॉलिसी लिहिली असेल, तर तिचा खरेपणा क्लाउडवरच कळणार. इथे आपला वाद नाही.

पण एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो तो दरवेळी परवानग्यांमुळे नाही. पुष्कळदा गळती आपल्याच कोडमध्ये असते, आणि ती पकडायला लॅपटॉपइतकी चांगली जागा नाही.

मी सांगलीत हळद-बेदाण्याच्या अडत पेढ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी निघते, त्यात हमाली, तोलाई, आधीची उचल वजा होते. एका पेढीचा दर दुसरीच्या पट्टीत गेला तर रक्कम चुकते. आणि कुणी किती उचल घेतली हे शेजारच्या पेढीला दिसलं, तर बाजारात त्या शेतकऱ्याची पत जाते. ते नुकसान सॉफ्टवेअर दुरुस्त करून भरून येत नाही. म्हणून या विषयावर मी एवढा हट्टाने लिहितो.

आता कोड बघा. दर सारखे डेटाबेसमधून आणायला लागू नयेत म्हणून ते हँडलरच्या (प्रत्येक कॉलला चालणाऱ्या मुख्य कोडच्या) बाहेर, ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवायची रीत सर्रास आहे. लॅम्ब्डा तेच एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कोड चालायची जागा मेमरीसकट, पुढच्या कॉललाही वापरतं. काट्यावर आधीच्या पोत्यातली हळद राहून गेली की पुढच्याचं वजन चुकतं, तसं पहिल्या पेढीचे दर दुसरीच्या हिशोबात शिरतात. आणि ‘सॅम लोकल इन्व्होक’ ही कमांड प्रत्येक वेळी नवा कंटेनर (लॅपटॉपवरचं कोरं एन्व्हायर्नमेंट) उभा करते, ‘स्टार्ट एपीआय’ ही कमांडसुद्धा वेगळा पर्याय न दिल्यास तशीच वागते. म्हणजे ही चूक तिथे दिसणारच नाही. तुमचं ‘खोटं समाधान’ या ठिकाणी शंभर टक्के लागू पडतं.

पण त्यावर उपाय आहे. ‘स्टार्ट एपीआय’ला ‘वॉर्म कंटेनर्स’चा पर्याय ‘लेझी’ किंवा ‘ईगर’ द्या, कंटेनर जिवंत राहतो. मग त्याच कंटेनरवर पहिली पेढी, दुसरी पेढी, पुन्हा पहिली अशा रिक्वेस्ट पाठवा. त्यातली एक मुद्दाम मध्येच फेल करा. साफसफाईचा कोड शेवटच्या ओळीत असेल तर तो अशा वेळी चालतच नाही. तात्पुरत्या फाइलींच्या ‘टीएमपी’ फोल्डरचंही हेच. प्रत्येक पट्टी एकाच नावाच्या पीडीएफमध्ये लिहिली जात असेल आणि दुसऱ्या पेढीची पीडीएफ बनताना एरर गिळली गेली, तर पहिल्या पेढीची फाइल दुसरीला जाते.

रिझर्व्ह्ड कन्करन्सी 1 ठेवून, म्हणजे एका वेळी एकच कॉल चालू देऊन, हा क्रम क्लाउडवरही लावता येतो, मान्य. तरीही एन्व्हायर्नमेंट कधी बदलायचं हे लॅम्ब्डाच ठरवतं. आणि प्रत्येक छोट्या बदलाला डिप्लॉय करायचं म्हटलं की टीममधला नवा पोरगा ती टेस्ट संध्याकाळवर ढकलतो, हे मी बघत आलोय.

पोस्टग्रेस डेटाबेसवर असाल तर आणखी एक खड्डा आहे. रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे डेटाबेसनेच पॉलिसीवरून ठरवणं) 2016 साली आलेल्या 9.5 आवृत्तीपासून आहे, पण सगळे अधिकार असलेल्या सुपरयूजरला ती लागत नाही आणि टेबलच्या मालकालाही लागत नाही, ‘फोर्स’ केल्याशिवाय. लॅपटॉपवर पोस्टग्रेस चालवायला डॉकरची जी अधिकृत तयार इमेज असते, तिच्यात मिळणारा यूजर सुपरयूजर असतो. त्याच यूजरने टेस्ट चालवल्या तर पॉलिसी तपासलीच जात नाही; क्वेरीत ‘व्हेअर’ लावून टेनंटची अट लिहिलेली असते म्हणून सगळं हिरवं दिसतं. लोकल मायग्रेशनमध्येच (टेबलं बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) एक साधा रोल, म्हणजे डेटाबेसचा यूजर, बनवा, मालकी नसलेला, आणि टेस्ट त्यानेच चालवा. टेनंट सेट न करता केलेल्या क्वेरीला शून्य ओळी आल्या पाहिजेत, ही टेस्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची. टेनंट सेट करताना नुसतं ‘सेट’ न लिहिता ट्रान्झॅक्शनमध्ये ‘सेट लोकल’ लिहा, ते ट्रान्झॅक्शनसोबतच संपतं; कारण ग्लोबल ठेवलेलं कनेक्शन पुढच्या पेढीच्या कॉललाही तेच असतं. वॉर्म कंटेनरची टेस्ट हेही पकडते.

राहिलं टेनंट आयसोलेशन. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आलेली ही सोय चांगली आहे, मेमरी आणि ‘टीएमपी’ची गळती ती थांबवते. पण ती फंक्शन बनवतानाच निवडावी लागते, चालू फंक्शनला लावता येत नाही. सगळ्या टेनंटचा एक्झिक्युशन रोल एकच राहतो. आणि कोडने टेनंट आयडी लॉगिनच्या टोकनऐवजी रिक्वेस्टच्या बॉडीतून उचलला, तर वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसूनही ते फंक्शन दुसऱ्याच पेढीचा डेटा आणून देईल. ही टेस्ट तर नुसत्या इव्हेंटच्या जेसन फाइलवर होते: टोकन एका पेढीचं, बॉडीत आयडी दुसरीचा, उत्तर नकारच आलं पाहिजे.

तुमच्या टेस्ट अकाउंटचा आग्रह मी सोडा म्हणत नाही, लोकलनंतरची ती पायरी हवीच. तुम्ही ‘लीडिंग कीज’ची पॉलिसी तिथे कशी तपासता, प्रत्येक टेनंटसाठी एसटीएसकडून (ॲमेझॉनच्या तात्पुरत्या क्रेडेन्शियल्स देणाऱ्या सेवेकडून) वेगळी सेशन पॉलिसी घेऊन की सेशनला टेनंटचा टॅग लावून, ते इथेच लिहा. मला आणि इथल्या बाकीच्यांनाही ते वाचायचं आहे.