येशू जन्मला, मग आता वाट कोणाची?

एक मजकूर यंदा मला चार ठिकाणांहून आला. त्याचं सार असं: आगमनकाळ म्हणजे 1 डिसेंबरपासूनची नाताळची तयारी. येशू तर दोन हजार वर्षांपूर्वीच जन्मला, मग वाट कसली पाहायची? दर रविवारी एकेक पेटवायच्या चार मेणबत्त्यांचं ते चक्र मूर्तिपूजकांचं. उपवासाचा नियमही उरला नाही, तेव्हा खरेदी करा, मजा करा. पाठवणारी माझीच माणसं आहेत, म्हणून उत्तर देतोय.

तारखेचं आधी उरकतो. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ, 24 डिसेंबरपर्यंतचा. 30 नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा सण. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांत कधीही पडतो. 2023 साली तो 3 तारखेला आला आणि सगळा काळ 22 दिवसांत आटोपला. 1 डिसेंबर आपल्या डोक्यात बसलाय तो रोज एक खिडकी उघडायच्या छापील कॅलेंडरमुळे.

आता वाट कसली, ते. पहिल्या रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, कान देऊन शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातलं वाचन) ऐका. ते दर वर्षी बदलतं. त्यात बेथलेहेम नाही, गोठा नाही. एका वर्षी नोहाचे दिवस येतात: माणसं खातपीत होती, लग्नं करत होती, आणि पूर आला. दुसऱ्या वर्षी परगावी गेलेला घरधनी येतो, तो संध्याकाळी परतेल की पहाटे, चाकरांना ठाऊक नाही. 16 डिसेंबरपर्यंत उपासनेचा भर ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यावर असतो, 17 पासून ती जन्माकडे वळते. बाराव्या शतकात संत बर्नार्ड या फ्रेंच मठाधिपतींनी तीन आगमनं सांगितली: एक देहात झालेलं, एक युगाच्या अंती होणारं, आणि मधलं, माणसाच्या अंतःकरणात होणारं, कोणाला न दिसणारं. आपली तयारी चालते ती या मधल्यासाठी. ते दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेलं, असं कोण म्हणेल?

चक्राबद्दल. आज आपण लावतो त्याची सुरुवात 1839 साली हॅम्बुर्गमध्ये झाली. योहान विखर्न हे ल्युथरन (प्रोटेस्टंट) पाळक गरीब मुलांसाठी एक घर चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं विचारत राहायची. त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या चार मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. कॅथलिक घरांत हे विसाव्या शतकात आलं.

उपवासाचं अर्धं खरं आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेत्युस यांनी 11 नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्याला तीन उपवास लावून दिले होते. आज चर्चच्या कायद्यात प्रायश्चित्ताचे दिवस म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि वर्षभरातले शुक्रवार. आगमनकाळ त्यात नाही. पण मोकळीक आणि मोकाट यांत फरक आहे. वेदीवर जांभळा रंग असतो, रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत. आलेलूया हा आनंदाचा जयघोष मात्र थांबत नाही, आणि तिसऱ्या रविवारी गुलाबी रंग येतो. पश्चात्ताप आहे, पण आनंदातला. मधले दोन रविवार वाचनांत बाप्तिस्मा करणारा योहान, येशूच्या आधी येऊन पश्चात्तापाची हाक देणारा, समोर उभा असतो आणि तो अगदी व्यवहाराचं बोलतो: दोन अंगरखे असतील तर एक दे, जकातदारा, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नकोस. या यादीत खरेदी कुठे बसते, मला सापडलेलं नाही. पापनिवेदनाला, धर्मगुरूंपुढे पापं कबूल करायला, शेवटच्या आठवड्यात घाईघाईत उभं राहण्यापेक्षा या दोन वाक्यांपाशी थोडं थांबून जावं.

आमच्या घरी गोठ्यातली गव्हाण 24 च्या रात्रीपर्यंत रिकामी असते. घरातल्या प्रत्येकाने दिवसभरात एक चांगलं काम केलं, की तिच्यात पेंढ्याची एक काडी टाकायची. बाळाला अंथरूण व्हायला हवं. काल पुतणीने विचारलं, "आजी, आज मी दादाशी भांडले, माझी कालची काडी काढून घ्यायची का?"

आई म्हणाली, "काढायची नाही गं. जा, त्याच्याशी बोल आणि दुसरी टाक."

ती गेली. काडी टाकायला दोघं मिळून आले.