खिचडीवर एकमत, शेगडीवर नाही

ट्रेकला खिचडी करायची, यावर ग्रुपमध्ये लगेच एकमत होतं. ती शिजवायची कशावर म्हटलं की युती तुटते.

ज्येष्ठ सभासद म्हणतात, तीन दगड मांडा. पण पावसाळ्यात लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे जाळ केलात तर खिचडीआधी वनरक्षक हजर. दुसरा पक्ष पंपाच्या स्टोव्हचा. रॉकेल थंडीला दाद देत नाही, हे मान्य. पण आधी काकडा पेटवून बर्नर तापवावा लागतो. घाई केली की रॉकेलची वाफ न होता ते तसंच बाहेर येतं आणि भडका उडतो. शिवाय बर्नरचं छिद्र साफ करायची पिन घरी राहते. ती नेहमी घरीच राहते.

माझं मत विचाराल तर दोघातिघांसाठी आट्यांचा गॅस कॅनिस्टर, म्हणजे गॅसचा छोटा डबा, आणि त्यावर फिरवून बसणारा बर्नर. दुकानात लांबट, स्वस्त ब्युटेनचा डबाही मिळतो, पण त्याचं तोंड वेगळं. अ‍ॅडॅप्टर नसेल तर बर्नर आणि डबा रात्रभर एकमेकांकडे बघत बसतात. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायला नकार देतं. सह्याद्रीत निभतं, हिमालयात आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रणच हवं. तसला कॅनिस्टर तिकडेच विकत घ्यावा, कारण तो विमानात चालत नाही, रेल्वेतही नाही.

२३० ग्रॅमच्या कॅनिस्टरवर वारा नसेल तर साधारण १२ लिटर पाणी उकळतं. ‘वारा नसेल तर’ हे शब्द हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, भणाणत्या वाऱ्यात बसून वाचावेत. मग कुणीतरी हुशार पत्र्याचा आडोसा चहूबाजूंनी लपेटतो. असं अजिबात करू नये: उष्णता कोंडून कॅनिस्टरच तापतो आणि फुटू शकतो. वाऱ्याकडची बाजू तेवढी झाकावी, कॅनिस्टरला मधूनमधून हात लावावा, गरम लागला की बंद. तंबूत तर पेटवूच नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, आणि त्याला वास नसतो.

आता खिचडी. ज्योत जेमतेम रुपयाएवढ्या जागेत, त्यामुळे पातळ टोपात मधोमध करपते आणि कडेला तांदूळ टणक. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, आच बारीक ठेवा, ढवळताना टोप धरायला एक माणूस नेमा. कळसूबाईवर, १६४६ मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा डाळीची समजूत काढायला वेळ लागतो.

कॅनिस्टर हलवून ‘अजून अर्धा आहे’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. निघण्याआधी वजनकाट्यावर ठेवा. आणि काडेपेटी वेगळ्या पिशवीत घ्या, कारण बर्नर पेटवायचा खटका दमट हवेत फक्त आवाज करतो.