पोस्टर छापण्याआधी निविदा वाचा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

एका रुग्णालयाच्या खरेदी समितीवर मी काही वर्षं होते. तिथल्या एका डब्याची ही गोष्ट. वॉर्डाच्या दाराशी भिंतीवर सॅनिटायझरचा डिस्पेन्सर लावला होता. त्याचा दांडा इतका कडक, की कोपराने दाबायला गेलं तर डबाच डुलायचा. पहिल्या दाबाला थेंबभर यायचं, दुसऱ्याला थेट मनगटावर पिचकारी. त्यात तो दाराच्या मागे. दार उघडलं की डबा गायब, आणि वॉर्डाचं दार दिवसभर उघडंच असतं.

काही महिन्यांनी अहवाल आला, की कर्मचारी हात पुरेसे स्वच्छ करत नाहीत. मग जनजागृती सुरू झाली. पोस्टरं छापली, शपथ झाली, प्रशिक्षण झालं, फोटो निघाले. दांड्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. कारण तो डबा सर्वांत कमी दराचा म्हणून घेतला होता आणि दरांच्या तुलनातक्त्यावर माझीही सही होती.

हल्ली आरोग्याच्या चर्चेत 'नज' हा शब्द फार चालतो. ही कल्पना रुजवणारे अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हापासून तर जास्तच. कल्पना साधी आहे. माणसावर सक्ती करू नका, त्याला उपदेशही करू नका. फक्त योग्य गोष्ट करणं सोपं होईल अशी मांडणी करा. मराठीत याला जवळचा शब्द कोपरखळी, पण आपल्या कोपरखळीत टोमणा असतो. तसं पाहिलं तर बऱ्याच आरोग्य मोहिमांतही तो असतोच.

नज फोल आहे असं मी म्हणत नाही. लंडनमध्ये बाह्यरुग्ण विभागाच्या रुग्णांना जाणाऱ्या स्मरण-संदेशात, तुम्ही आला नाहीत तर आरोग्यसेवेला किती पौंडांचा भुर्दंड पडतो, एवढंच वाक्य घातलं. न येणाऱ्यांचं प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ८.४ वर आलं. एका वाक्यासाठी हे वाईट नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या सगळ्या कोपरखळ्या आपण रुग्णाला आणि कर्मचाऱ्याला मारतो. विकत घेणाऱ्याला कोणी मारत नाही.

कंपन्यांच्या 'वेलनेस' कार्यक्रमांचंच घ्या. पावलं मोजा, वजन नोंदवा, बक्षीस मिळवा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांची सोडत काढून, काहींना असा कार्यक्रम देऊन आणि काहींना न देऊन तपासणी झाली. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. वैद्यकीय खर्चात फरक नाही, व्यायामशाळेत जाण्यात फरक नाही. भाग घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना केली असती तर मात्र कार्यक्रम झकास ठरला असता, कारण आले ते मुळातच धडधाकट होते. असे कार्यक्रम विकणारे नेमकी हीच दुसरी तुलना दाखवतात. आणि विकत घेणारा मान डोलावतो, कारण 'सोडत काढून तपासलंय का?' हा प्रश्न निविदेत नसतो.

आता उलट उदाहरण. अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत औषधं लिहून देण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा बदल केला गेला. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं तरी जेनेरिक औषधच जाईल. ब्रँडच हवा असेल तर पडद्यावरच्या एका चौकटीत वेगळी खूण करायची. जेनेरिकचं प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ९८ वर गेलं. डॉक्टरांचं प्रबोधन नाही, परिपत्रक नाही, फक्त एक चौकट.

पण ती चौकट आली कुठून? सॉफ्टवेअरमधून. आणि सॉफ्टवेअर आपण विकत घेतो. आधीपासून कोणत्या चौकटीत खूण असेल, किती गोळ्यांचा आकडा आपोआप उमटेल, यादीत वरचं नाव कोणाचं असेल, हे सगळं पुरवठादाराने ठरवून ठेवलेलं असतं. मी वाचलेल्या निविदांत सर्व्हरची क्षमता होती, वॉरंटीची वर्षं होती, दंडाची कलमं होती. या चौकटींबद्दल एक ओळही नव्हती. म्हणजे कोपरखळी आपण विकत घेतच असतो, फक्त न बघता.

याबाबत माझं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे लशीच्या बाटलीवरचं एक चित्र. छोटासा गोल, त्याच्या आत चौकोन. सुरुवातीला चौकोन गोलापेक्षा फिका असतो. बाटलीला उष्णता लागत जाईल तसा तो गडद होतो आणि पुन्हा कधी फिका होत नाही. चौकोनाचा रंग गोलाइतका झाला की बाटली वापरायची नाही. उष्णतेने खराब झालेली लस डोळ्यांना चांगल्या लशीसारखीच दिसते. त्यामुळे आधी आरोग्यसेविकेला अंदाज बांधावा लागायचा. भीती वाटली तर चांगली लस फेकली जायची, नाही वाटली तर खराब लस दिली जायची. आता ती बाटली डोळ्यांसमोर धरते आणि ठरवते. वाचता येण्याचीसुद्धा गरज नाही.

१९९६ मध्ये हे चित्र पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लशीवर आलं. लस-उत्पादकांच्या मनात अचानक दयाबुद्धी जागी झाली म्हणून नव्हे. युनिसेफसारख्या प्रचंड खरेदीदाराने लस घेताना तशी अट घातली म्हणून. सिरिंजचंही तेच. एकदा वापरली की दट्ट्या अडकतो आणि ती पुन्हा भरताच येत नाही, अशी सिरिंज आली. २००३ च्या अखेरपर्यंत लसीकरणात फक्त तीच वापरावी, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९९ मध्ये जाहीर केलं. 'सुई पुन्हा वापरू नका' हे वर्षानुवर्षं शिकवून झालं होतं. दट्ट्याला शिकवावं लागत नाही.

करार तर संस्थेलाच कोपरखळी मारू शकतो. हिपॅटायटिस सी बरा करणारी नवी औषधं आली तेव्हा ती भयंकर महाग होती. ऑस्ट्रेलियाने माणशी दर ठरवण्याऐवजी कंपन्यांशी पाच वर्षांसाठी सुमारे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा ठोक व्यवहार केला, रुग्ण कितीही असोत. आता गणित बघा. माणशी दर असता तर प्रत्येक नवा रुग्ण म्हणजे तिजोरीला खड्डा, आणि यंत्रणा त्याला शोधायला कचरली असती. ठोक रकमेत जितके जास्त रुग्ण शोधाल तितका प्रत्येकाचा उपचार स्वस्त. तीच यंत्रणा, तेच कर्मचारी, पण आता रुग्ण शोधण्यात फायदा.

मग सगळे असं का करत नाहीत? मी त्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून सांगते. लोक म्हणतात, भ्रष्टाचार. तो असतो तिथे असतोच, पण माझा अनुभव भीतीचा आहे. सर्वांत कमी दराची वस्तू घेतली आणि ती निकामी निघाली, तर दोष वस्तूचा. थोडी महाग घेतली आणि ती उत्तम चालली, तर लेखापरीक्षक विचारणार, का घेतली? 'चालली' याचा पुरावा वॉर्डात असतो, 'महाग' याचा पुरावा कागदावर असतो, आणि लेखापरीक्षक वॉर्डात येत नाहीत. अशा माणसाला नावीन्याची भाषणं ऐकवून काय होणार? त्यालाही मांडणीच बदलून हवी. तुलनातक्त्यात दराशेजारी 'वापरून पाहिलं का, कोणी, किती दिवस' असा एक रकाना छापलेला असेल, तर तो रिकामा सोडायची भीती वाटेल. भीती आहेच, तर ती जरा कामाला लावू.

त्या डब्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. रात्रपाळीच्या एका सिस्टरने चिकटपट्टीने सॅनिटायझरची एक साधी बाटली प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी बांधली. कोणाला विचारलं नाही. बाटल्या आठवड्यात संपायला लागल्या. स्टोअरमधून तक्रार आली, खप का वाढला?

पुढच्या निविदेत मी एक ओळ घातली. 'दांडा कोपराने, एका दाबात चालला पाहिजे. वॉर्डातील दोन कर्मचाऱ्यांनी सात दिवस वापरून सही केलेली असावी.' मसुदा परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'ही अट कोणत्या नियमाखाली?'

मी ओळ खोडली नाही. तिच्याखाली त्या सिस्टरच्या बाटल्यांचा खप लिहून मसुदा पुन्हा पाठवला.